अ, ॲन, द : गाळलेल्या जागेत येतं, निबंधात का येत नाही?

फळापुसणं

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, आज धागा काढायचं धाडस करतेय.

तालुक्याच्या गावात मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. माझी अडचण अशी की ‘गाळलेल्या जागा भरा’मध्ये मुलं अ, ॲन, द झकास भरतात. स्वर आला की ॲन, सूर्य-चंद्र आले की द, पाठ आहे सगळं. पण पाच ओळी स्वतःच्या मनाने लिहायला सांगितल्या की ही तिन्ही एकतर गायब होतात, नाहीतर मिठासारखी कुठेही भुरभुरलेली असतात. परवाच्या वहीतला नमुना देते, मुलाचं नाव अर्थातच नाही:

‘माय फादर इज फार्मर. वुई हॅव द काउ. काउ गिव्हज अ मिल्क. माय मदर सेल द मिल्क इन डेअरी. आय लाइक द क्रिकेट.’

मुलगा हुशार आहे. सांगायचं ते सगळं त्याने सांगितलंय. लाल शाईने दुरुस्त करून वही परत दिली तर पुढच्या निबंधात पुन्हा तेच. तुम्ही शिकवता कसं? शिकवत नसाल तर स्वतः शिकलात कसे? दोन्ही चालेल.

डबलबेल

वाचतोय. पण बाई, रागावणार नसाल तर बोलतो. आम्ही आख्खी नोकरी ‘आय ॲम गोइंग टू बँक’ वर काढली आणि बँकेतच पोचलो, दवाखान्यात नाही. त्या ‘द’वाचून कुणाचं अडतं? पोरगं वाक्य जुळवतंय, बोलू द्या की. आधीच इंग्रजीच्या तासाला त्यांच्या छातीत धडधडतं.

निळीशाई

बोलताना अडत नाही, मान्य. लिहिताना अडतं. आमच्या सोसायटीच्या मिनिट्समध्ये एकाने लिहिलं होतं, ‘द सेक्रेटरी अँड ट्रेझरर वॉज प्रेझेंट’. वाचणाऱ्याचा अर्थ असा की दोन्ही पदं एकाच माणसाकडे आहेत आणि तो हजर होता. प्रत्यक्षात माणसं दोन, आणि दोघांचं आपसात बोलणं बंद. ‘द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर वर प्रेझेंट’ असं हवं होतं. एका ‘द’ने माणूस वाढतो.

माझं काम यंत्रांची माहितीपत्रकं लिहायचं. ‘क्लोज द व्हॉल्व्ह’ लिहिलं की कामगार विचारतो, कोणता? इथे तर चार आहेत. म्हणजे ‘द’ लिहिताना मी त्याला सांगतेय की एकच आहे आणि तो तुला माहीत आहे. तसं नसेल तर माझं वाक्य चुकीचं, व्याकरणाने कितीही शुद्ध असलं तरी.

आणि ‘फ्यू’ व ‘अ फ्यू’? ‘ही हॅज अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे आहेत चार मित्र. ‘ही हॅज फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे बिचाऱ्याला जवळपास कुणी नाही.

डबलबेल

सेक्रेटरी-ट्रेझररचं पटलं. आमच्याही सोसायटीत असंच आहे, द लावा नाहीतर न लावा, भांडतातच.

शिळोपा

चांगला धागा. जरा ऐसपैस लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, मराठीत उपपदं नाहीत म्हणून मराठी मुलाला ही कल्पनाच नसते, हे आपण फार पटकन मानून टाकतो. कल्पना आहे. ती दाखवायची रीत वेगळी आहे. ही दोन वाक्यं वर्गात फळ्यावर लिहा:

गोठ्यात साप आहे.
साप गोठ्यात आहे.

आणि विचारा, पहिलं वाक्य कोण कधी ओरडेल? पोरं लगेच सांगतील: पहिल्यांदाच दिसला तेव्हा. दुसरं? आधी घरभर शोधत होते, आता सापडला तेव्हा. म्हणजे दुसऱ्यातला साप ऐकणाऱ्याला आधीपासून माहीत आहे. इंग्रजीत पहिला ‘देअर इज अ स्नेक इन द काउशेड’, दुसरा ‘द स्नेक इज इन द काउशेड’. जे काम इंग्रजी ‘अ’ आणि ‘द’कडून करून घेतं, ते आपण शब्द पुढेमागे करून उरकतो. तिसरी-चौथीतलं पोरही यात चुकत नाही.

दुसरं. पुस्तकातला नियम असतो, ‘पहिल्यांदा उल्लेख आला की अ, पुन्हा आला की द’. हा अर्धाच नियम आहे. ‘लग्नाला गेलो होतो. नवरदेव तासभर उशिरा आला, भटजी वैतागले.’ नवरदेवाचा उल्लेख आधी कुठे झाला? तरी इंग्रजीत ‘द ब्राइडग्रूम’च येणार, कारण लग्न म्हटलं की नवरदेव आलाच. मराठीतही आपण ‘एक नवरदेव उशिरा आला’ म्हणत नाही. म्हटलं तर ऐकणारा विचारेल, किती होते?

तेव्हा मुलांना एकच प्रश्न विचारायची सवय लावा: ‘ऐकणाऱ्याला कोणता ते कळलंय का?’ हो तर द. नाही आणि वस्तू एक असेल तर अ. पण खरी गोम ‘ऐकणाऱ्याला’ या शब्दात आहे. तुमच्या विद्यार्थ्याने ‘वुई हॅव द काउ’ का लिहिलं? त्याच्या डोळ्यांसमोर त्यांची ती गाय आहे. शिंग मोडकं असेल, नाव असेल. त्याला कोणती गाय ते पक्कं माहीत आहे, म्हणून द. वाचणाऱ्या बाईंना ती अजून माहीत नाही, हे त्याच्या लक्षात येत नाही. ही त्याची एकट्याची चूक नव्हे. 2004 साली आयोनिन, को आणि वेक्सलर यांनी रशियन आणि कोरियन बोलणाऱ्या विद्यार्थ्यांवर अभ्यास केला होता. त्या भाषांतही आपल्यासारखीच उपपदं नाहीत. तिथेही हेच दिसलं. बोलणाऱ्याच्या मनात एखादी विशिष्ट वस्तू असली की विद्यार्थी द लावून मोकळे होतात, ऐकणाऱ्याला ती ठाऊक असो वा नसो.

तिसरं, ‘ला’. स्थळ बघून आल्यावर ‘मुलगी बघितली’ म्हणतात. तेच ‘मुलीला बघितलं’ म्हटलं की कोणती तरी ठरलेली मुलगी आली. म्हणजे हा ‘ला’ आपला ‘द’च झाला की.

पाणकणीस

शिळोपा, बाकी सगळं मान्य, ‘ला’ मान्य नाही. ‘काल एका मुलीला बघितलं’ हे चोख मराठी आहे आणि ऐकणाऱ्याला ती मुलगी अजिबात माहीत नाही. ‘ला’ एवढंच सांगतो की माणूस किंवा प्राणी आहे आणि बोलणाऱ्याच्या मनात ठरावीक आहे. म्हणजे तो ‘द’ नाही. उलट, मुलं ‘द’चा जो चुकीचा अर्थ धरून बसतात, नेमका तोच ‘ला’चा अर्थ आहे. वर्गात ‘ला म्हणजे द’ सांगितलंत तर आगीत तेल.

शिळोपा

बरोबर. ‘ला’ वगळून वाचावे. साप मात्र ठेवा.

वांगीभात

मी आधी शिक्षिका होते, आता घरी शिकवण्या घेते. मला वाटतं तुम्ही सगळे उपपदाकडे बघताय आणि गोंधळ आहे नामात. फळापुसणं यांच्या नमुन्यातलं ‘अ मिल्क’ बघा. ही चूक ‘अ’ची नाही. दूध इंग्रजीत मोजत नाहीत, हे त्या मुलाला कुणी सांगितलेलंच नाही. आपण नामाचे प्रकार शिकवतो ते सामान्यनाम, विशेषनाम, भाववाचक नाम असे. परीक्षेत अधोरेखित करून ओळखायला ते बरे. पण ‘अ’ लावायचा की नाही हे ठरतं ते मोजता येतं का नाही यावर, आणि तो भाग एका चौकटीत उरकलेला असतो.

त्यात आपल्या मुलांना वाटतं, मोजता येणं हे वस्तूवर असतं. तसं नसतं, भाषेवर असतं. मी नेहमी न्याहारीपासून सुरू करते. मराठीत पोहे ‘केले’, उपमा ‘केला’. दोन्ही एकाच कढईतले, मग पोहे अनेकवचनी का? मुलं हसतात, पण विचारात पडतात. साबुदाणा भिजवला, तांदूळ निवडले, डाळ धुतली. आपण तरी कुठे एका नियमाने चालतो? इंग्रजीत पीज अनेकवचनी, राइस एकवचनी. ओट्स अनेकवचनी, व्हीट एकवचनी. इंग्रजांच्याही स्वयंपाकघरात तीच तऱ्हा.

हे झालं की मग आपल्याला नडणारे शब्द: फर्निचर, लगेज, ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, इक्विपमेंट, न्यूज, मनी, हेअर, होमवर्क. आपल्याकडे पैसे अनेकवचनी, केस अनेकवचनी, बातम्या चिकार. म्हणून ‘फर्निचर्स’ आणि ‘इक्विपमेंट्स’ दुकानांच्या पाट्यांवरसुद्धा दिसतात.

डबलबेल

वांगीभात, एक शंका. दूध-चहा मोजत नाहीत म्हणता, मग टपरीवर ‘दोन चहा, एक कटिंग’ कसं चालतं? आणि साहेब लोकही हॉटेलात ‘टू कॉफीज’ म्हणतात, मी ऐकलंय.

वांगीभात

चालतं, कारण तिथे चहा म्हणजे कप. ‘टू टीज, प्लीज’ इंग्रजीत बिनदिक्कत म्हणतात. नाम तेच, वापर बदलला. ‘हेअर’ घ्या. डोक्यावरचे केस मोजत नाहीत, पण आमटीत सापडला तर ‘अ हेअर’, कारण तिथे एकच आणि नको तो आहे. ‘आय एट चिकन’ म्हणजे कोंबडीचं मटण खाल्लं. ‘आय एट अ चिकन’ म्हणजे आख्खी कोंबडी फस्त केली. ‘पेपर’ म्हणजे कागद, ‘अ पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र नाहीतर परीक्षेचा पेपर. ही जोडी मुलांना फार आवडते.

निळीशाई

‘कोंबडीचं मटण’ वाचून कोल्हापूरकर धाग्यावर चाल करून येतील.

वांगीभात

येऊ देत. आमच्याकडे असंच म्हणतात.

तिखटमीठ

वांगीभात यांना जोरदार अनुमोदन. परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्सेसना इंग्रजी शिकवते, त्यांना परीक्षेत पेशंटबद्दल पत्र लिहावं लागतं. तिथे तर नामच सगळं ठरवतं, आणि नियम शोधायला गेलं की डोकं फिरतं. ताप ‘अ फीव्हर’, डोकेदुखी ‘अ हेडेक’, खोकला ‘अ कफ’, सर्दी ‘अ कोल्ड’. पण डायबेटिस, न्यूमोनिया, हायपरटेन्शन यांना काही नाही. आणि फ्लूला चक्क ‘द फ्लू’. मी त्यांना सरळ सांगते, ढोबळमानाने बघा: घरगुती तक्रारीला अ लागतो, डॉक्टरी नावाच्या आजाराला काही लागत नाही. शंभर टक्के नियम नव्हे, पण पत्रात बरंच निभावतं.

सवय अशी लावते की वहीत नाम कधी नुसतं लिहायचं नाही. ‘टॅब्लेट’ नाही, ‘अ टॅब्लेट’. ‘सिरप’ला अ लावायचाच असेल तर ‘अ बॉटल ऑफ सिरप’. ‘ॲडव्हाइस’च्या जागी ‘सम ॲडव्हाइस’. शब्द पाठ करतानाच जोडीदारासकट करायचा. मागाहून नियम लावत बसण्यापेक्षा हे हलकं पडतं.

अजून एक, हॉस्पिटल. ब्रिटिश इंग्रजीत आजारी माणूस ‘इन हॉस्पिटल’ असतो आणि भेटायला आलेला ‘ॲट द हॉस्पिटल’. अमेरिकेत दोघंही ‘द’वाले. इंग्लंडला जाणाऱ्या मुलींना पहिलं शिकवायचं आणि अमेरिकेला जाणाऱ्यांना दुसरं. एकाच वर्गात दोन्ही बसलेल्या असतात.

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत. इथे तीन लिंगं आहेत म्हणून बाकीचे भारतीय रडतात, आपण मराठी लोक निवांत असतो, नपुंसकलिंग आपल्याला नवीन नाही. (कोणतं नाम कोणत्या लिंगाचं, तिथे मात्र आपणही रडतो.) मुद्दा वेगळाच सांगायचा होता. उपपदं असलेल्या भाषांतही आपसात मेळ नाही. जर्मन माणूस व्यवसाय सांगताना ‘मी शिक्षक आहे’ असंच म्हणतो, अगदी मराठीसारखं, मधे ‘एक’ नाही. त्यामुळे इंग्रजी शिकणारे जर्मनही ‘आय ॲम टीचर’ म्हणून जातात. फ्रेंच लोक तर अमूर्त नामालाही आपलं ‘द’ लावतात, म्हणून ‘द लाइफ इज हार्ड’. तुमच्या विद्यार्थ्याचं ‘फादर इज फार्मर’ चांगल्या सोबतीत आहे.

जर्सीवाली

उलट बाजू सांगते. माझी मुलं इथे वाढली, इंग्रजी आधी आणि मराठी मागून. त्यांच्या मराठीत ‘द’ घुसतो. ‘ते दूध फ्रिजमध्ये आहे का?’ कोणतं ते? घरात एकच पिशवी असते. ‘बाबा एक इंजिनियर आहेत’ हेही रोजचं. आजी फोनवर विचारते, बाकीचे किती?

आता मराठी वाहिन्यांवरही ‘हा एक महान खेळाडू आहे’ ऐकते तेव्हा वाटतं, बातमी इंग्रजीतून उचललेली दिसतेय.

फळापुसणं

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळे वाचले. साप आणि पोहे दोन्ही वर्गात नेणार आहे.

अजून एक अडचण विचारते. मुलं ‘अ’ला ‘ए’ म्हणतात. ‘इट इज ए बॅट’. पहिलीपासून तसंच ऐकलंय. मीही शाळेत तसंच शिकले. हे बदलावं का?

पाणकणीस

बदलावं, पण उच्चार सुधारायचा म्हणून नव्हे, ऐकू यावं म्हणून. इंग्रज माणूस ‘अ’ आणि ‘द’ वाक्यात इतके पुसट बोलतो की ‘ए’ची वाट पाहणाऱ्या कानाला ते कळतच नाहीत. जे कधी ऐकूच येत नाही ते हाताने लिहिलं कसं जाईल?

मुलांना क्रिकेटचं इंग्रजी समालोचन ऐकवा. नववीची मुलं तासन्‌तास ऐकतील. ‘टू द बाउंड्री’, ‘वन द टॉस’, ‘आउट फॉर अ डक’, ‘बोल्ड अ मेडन’. एकेक तुकडा तोंडाने म्हणायला लावा, ‘टुद बाउंड्री’ असा जोडून. मग एक कोडं घाला: ‘कॉट ॲट स्लिप’, ‘कॉट ॲट मिड-ऑन’ इथे द का नाही? क्षेत्ररक्षणाच्या जागांची नावं विशेषनामासारखी वापरतात, म्हणून. कपिल किंवा सचिनला द लावत नाही, तसंच मिड-ऑनला. आणि ‘आय लाइक क्रिकेट’मध्ये खेळाच्या नावाला काही नाही, पण वाद्याला बहुधा द: ‘शी प्लेज द तबला’.

डबलबेल

आता आमच्या इलाख्यात आलात. ॲन कुठे लावायचा त्याचा माझा नियम: अक्षर बघू नका, आवाज ऐका. ‘ॲन एसटी बस’, ‘ॲन एमएलए’, ‘ॲन एफआयआर’. पण ‘अ यू-टर्न’, ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ वन-रुपी कॉइन’. आणि ‘ॲन अवर’, तिथला एच मुका. कंडक्टरला फुकट पास मिळतो, व्याकरण फुकट मिळत नाही हो.

शिळोपा

वा! यावर एक भर. ॲन हेच मूळ रूप, ‘वन’चं सख्खं भावंड. व्यंजनापुढे त्याचा न गळून ‘अ’ उरला. म्हणजे ‘स्वरापुढे न जोडतात’ यापेक्षा ‘व्यंजनापुढे न टाकतात’ हे इतिहासाला धरून आहे.

या न-ने इंग्रजीत चांगलीच तोडफोड केली. क्रिकेटचा अंपायर मुळात ‘नूंपेर’ होता, जुन्या फ्रेंचमधला, म्हणजे कुणाच्याच जोडीचा नसलेला, तिऱ्हाईत. ‘अ नूंपेर’ म्हणता म्हणता लोकांनी न उचलून ॲनला दिला आणि अंपायर उरला. एप्रनही आधी ‘नेप्रन’, नॅपकिनच्या घरातला. उलटंही झालं: ‘ॲन इकनेम’चा न पुढे सरकून ‘निकनेम’ जन्मला. आपल्या नारंगीचा न मात्र इंग्रजीत पोचण्याआधी फ्रेंच-इटालियनच्या वाटेवरच पडला.

मुलांना परीक्षेला याचा उपयोग शून्य. तास संपायला पाच मिनिटं उरली असतील तर सांगा.

कडूकारलं

सगळे छान छान बोलताय, मी जरा कडू बोलतो. मीही शिक्षक आहे. पेपरात उपपदांना मार्क किती? एखाद-दुसरा. वर्गात मुलं साठ. निबंधात द सुटला म्हणून कुणी मार्क कापत नाही, आणि समालोचन ऐकवायला स्पीकर कुठे आहे? 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी पाचवीपासून होतं. चार वर्षं वाढली, आठवीच्या मुलाला अजून चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत. आधी क्रियापद तरी जागेवर येऊ द्या. ‘माय मदर सेल’ दिसलं नाही का कुणाला? सगळे द-द करताय.

तिखटमीठ

दिसलं. पण धागा उपपदांचा आहे.

शिळोपा

कडूकारलं यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. इंग्रज घरात जन्मलेली मुलंसुद्धा उपपदं पहिल्या दिवसापासून बोलत नाहीत. रॉजर ब्राउन यांनी तीन मुलांची वाढ टिपून 1973 साली क्रम मांडला. ‘इंग’वाली क्रियापदं, इन आणि ऑन, अनेकवचनाचा एस, हे सगळं आधी आणि उपपदं त्यानंतर. पण गंमत बघा, ‘माय मदर सेल’मध्ये जो एस सुटलाय तो त्या क्रमात उपपदांच्याही मागून येतो. म्हणजे ‘आधी क्रियापद’ म्हणाल तर त्या क्रियापदाची पाळी ‘द’च्या नंतरची. अर्थात ती घरात इंग्रजी ऐकणारी पोरं, आपल्या वर्गाला तोच क्रम लागू होईलच असं नाही.

म्हणून मी म्हणेन, आठवीत ‘द’च्या चुका लाल शाईने मोजू नका. एका निबंधात एकच गोष्ट तपासा. या वेळी फक्त ‘ऐकणाऱ्याला कळलंय का’, पुढच्या वेळी फक्त ‘हे मोजतात का’. बाकीच्या चुकांकडे त्या दिवशी काणाडोळा.

पाणकणीस

आणि साठ मुलं, स्पीकर नाही, अशा वर्गातही चालणारा एक खेळ. सगळ्यांना पाटी नाहीतर कोरा कागद. बाई बोलणार, मुलं चित्र काढणार.

‘ड्रॉ अ ट्री. ड्रॉ अ बर्ड ऑन द ट्री. ड्रॉ अ मॅन नियर द ट्री. ड्रॉ अ ट्री बिहाइंड द मॅन.’

शेवटच्या वाक्याला अर्धा वर्ग दुसरं झाड काढेल, अर्धा गप्प बसून पहिल्याच झाडाकडे बघेल. तिथे थांबायचं आणि त्यांनाच भांडू द्यायचं. ‘अ ट्री’ म्हटलं की नवीन झाड काढावंच लागतं, हे त्यांना कागदावर दिसतं. मग उलट करा: चित्रात दोन झाडं झाली की ‘कलर द ट्री’ म्हणा. कुणीतरी विचारेलच, बाई, कोणतं? तो प्रश्न इंग्रजीत विचारायला शिकवा, ‘विच वन?’ वर निळीशाई यांच्या कामगाराने व्हॉल्व्हबद्दल विचारला तोच.

फळापुसणं

मंडळी, झाडाचा खेळ आठवीत घेतला.

अगदी तुम्ही म्हणालात तसं झालं. दुसऱ्या झाडावरून मागच्या बाकावरच्या दोघांची जुंपली. एक म्हणे, ‘बाई झाडामागे झाड कशाला काढतील?’ दुसरा म्हणे, ‘अ म्हणाल्या, द म्हणाल्या असत्या तर नसतं काढलं.’ हा दुसरा म्हणजे गायवाला नाही, एरवी तासाला खिडकीबाहेर बघत बसणारा. नंतर मुलांनी मला सूचना द्यायच्या आणि मी फळ्यावर काढायचं असं केलं. एकीने ‘ड्रॉ द हाउस’ म्हटलं, मी खडू हातात धरून ‘विच हाउस?’ म्हणून उभी राहिले. अख्खा वर्ग ओरडला, ‘अ, अ, अ हाउस!’

साप-गोठाही घेतला. तिथे एकाने विचारलं, ‘साप आपला माहितीतला असला तर?’ हशा पिकला, पण प्रश्न बरोबरच होता.

निबंधात फरक? ‘द काउ’ जाऊन ‘अ काउ’ आला. ‘अ मिल्क’ तसाच आहे. तिखटमीठ यांची जोडीदारासकट शब्द लिहायची वही सुरू करतेय. कडूकारलं, वहीसाठी वेळ इंग्रजीच्या तासातूनच जाणार आहे, मला माहीत आहे.

आता नवी भानगड. नद्यांची, डोंगरांची नावं. ‘द गोदावरी’ आणि ‘द सह्याद्री’ म्हटल्यावर मुलं ‘द कळसूबाई’ लिहायला लागली.

निळीशाई

हे पाठ करायचं प्रकरण आहे, फार खोलात जाऊ नका. नद्या, समुद्र, डोंगररांगा, वाळवंटं यांना द. एकटं शिखर, एकटं तळं, गाव, राज्य यांना नाही. म्हणून द गोदावरी, दि अरेबियन सी, द हिमालयाज. पण कळसूबाई, लोणार लेक, नाशिक, महाराष्ट्र. देशाच्या नावात सामान्यनाम दडलेलं असेल किंवा नाव अनेकवचनी असेल तर द: द युनायटेड स्टेट्स, द नेदरलँड्स. कोकणाला मात्र इंग्रजीत बरेच जण ‘द कोंकण’ लिहितात, कारण तो प्रदेश आहे, राज्य नाही.

फळापुसणं

आभार. आणि शेवटचा एक, यावर वर्गात मलाच नीट सांगता आलं नाही. पुस्तकात ‘दे गो टू चर्च ऑन संडे’ आहे, द नाही. मग मुलीने लिहिलं ‘आय गो टू टेम्पल’. मी द घातला. ती म्हणाली, ‘त्यांच्या चर्चला नाही तर आमच्या देवळाला का?’ आणि गावात देवळं चार आहेत, म्हणजे ‘ऐकणाऱ्याला कोणतं ते कळलंय’ हेही बसत नाही.

शिळोपा

मुलीला माझ्याकडून शाबासकी. स्कूल, चर्च, बेड, प्रिझन अशा काही ठरावीक नामांना, ती जागा तिच्या ठरलेल्या कामासाठी वापरली तर द लागत नाही. मूल शिकायला गेलं तर ‘गो टू स्कूल’, आई दाखला आणायला गेली तर ‘गो टू द स्कूल’. ही यादी इंग्रजांच्या रोजच्या जगण्यातून तयार झाली, त्यात देऊळ नव्हतं, म्हणून ‘द टेम्पल’. अमेरिकेत मात्र ‘गो टू टेम्पल’ सर्रास म्हणतात, तेव्हा तिचं वाक्य साफ चूक म्हणवत नाही. परीक्षेत द घालायला सांगा.

आणि चार देवळांचं: तुमच्या गावात कुणी ‘देवळात जाऊन येते’ म्हटलं तर तुम्ही कोणतं ते विचारता का? रोजचं, नेहमीचं, तेच. इंग्रजीतही ‘टू द मार्केट’, ‘टू द बँक’, ‘टू द डॉक्टर’ तसंच चालतं. गावात डॉक्टर दहा असले तरी.

डबलबेल

म्हणजे ‘आय ॲम गोइंग टू द बँक’. लिहून घेतलं.

जर्सीवाली

इथे आम्ही रविवारी ‘टेम्पलला’ जातो, त्यामुळे माझ्या घरात द चा प्रश्नच येत नाही. बाई, त्या मुलीने पुढे काय विचारलं ते इथे लिहीत जा.